सुस्तोबातली पालेभाजी

६ फेब्रुवारी

शेवाळ झालं. दुसरा शब्द नाही.

सकाळी पालकाच्या अख्ख्या जुड्या चिरून भांड्यात कोंबल्या, झाकण लावलं, बटण 'मंद'वर ठेवलं आणि दुकान उघडायला गेलो. हे स्लो कुकर नावाचं यंत्र काल मेहुणीनं आणून दिलं. वर टोमणा मारून गेली – 'भाऊजी, यात सकाळी टाकायचं आणि विसरून जायचं. विसरणं तुम्हाला जमतंच.'

दुपारी झाकण काढलं तर भांडंभर पाल्याचा ओंजळभर काळपट चिखल. घरभर ओल्या गवताचा वास. बायकोच्या छातीवरचे ऑपरेशनचे टाके अजून ओढतात, त्यामुळे ही उशीला टेकूनच बसते. म्हणाली, 'आणा तरी, बघू.' दोन चमचे खाल्ले. 'रंग गेलाय. पण मीठ बरं आहे.'

मीठ मी घातलंच नव्हतं.

७ फेब्रुवारी

मेथी. कडू. बोलायचं काही नाही.

९ फेब्रुवारी

आज मीठ घातलं. पाल्याचा ढीग झाकणापर्यंत होता, त्या मानानं घातलं. ढीग बसला, मीठ कुठे जातंय. पहिल्या घासाला हिनं डोळे मिटले, पाणी मागितलं, आणि मग हसायला लागली. हसताना टाक्यांवर हात दाबून धरला. 'पाला बघून मीठ घालायचं नसतं हो. भाजी बघून घालायचं.'

मी उठून डबेवाल्या बाईंना फोन लावणार होतो. ऑपरेशन झाल्यापासून त्यांचाच डबा येत होता, गेल्या आठवड्यात मीच ऐटीत बंद केला. ही म्हणाली, 'राहू दे. उद्या परत करा.' एवढ्या वर्षांत या घरात मी चहापलीकडे काही केलेलं नाही. चहाही पाहुणे आले की दाखवायला.

१२ फेब्रुवारी

जमलं!

चूक कुठे होती ते कळलं. सगळा पाला एका दमात टाकायचा नसतो. मुळ्याचा पाला, कोबीची बाहेरची जाड पानं, पालकाची देठं हे राकट गडी सकाळी जातात. खाली कांदा, लसूण, थोडं तेल, पाणी अगदी नावाला, कारण पाला स्वतःच पाणी सोडतो. कोवळी पानं मी दुपारी घरी आल्यावर, वाढायच्या आधी थोडा वेळ. मीठ सगळ्यात शेवटी. लिंबू ताटात, भांड्यात नाही. भांड्यात पिळलं की हिरवा रंग मरतो.

हिनं दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

यंत्राचं बारसंही केलं हिनं. सुस्तोबा. 'दिवसभर एका जागी बसून ऊब खातो आणि जेवणाच्या वेळी मान मिळवतो. घरचाच माणूस वाटतो अगदी.' रोख कुणाकडे होता ते कळलं. हसलो.

१५ फेब्रुवारी

चार दिवस ओळीनं भाजी उत्तम. आता मी संध्याकाळीही करतो. हिला मोठी वाटी भरून दोन्ही वेळा. गालांवर रंग आलाय असं मला वाटतं. हिला वाटत नाही, पण तिच्याकडे आरसा लहान आहे.

दुकानात आज तीन गिऱ्हाइकांना कृती सांगितली. एकाला चपलेचा नंबर विचारायचा विसरलो.

१८ फेब्रुवारी

मेहुणी आली होती. जेवून गेली. जाताना दारात हळूच म्हणाली, 'ताईला असं खाताना बघून बरं वाटलं. तुमच्याकडून एवढी अपेक्षा नव्हती, खरं सांगते.' मी म्हटलं, त्यात काय, इस्पितळातून निघताना नर्सनंच सांगितलं होतं – हिरव्या भाज्या, रोज. आपण फक्त मनावर घेतलं.

छाती फुगली होती. लिहायला काय हरकत आहे, इथे कोण वाचतंय.

२० फेब्रुवारी

सकाळी तपासणीचा माणूस येऊन हिचं रक्त घेऊन गेला. हृदयातली झडप आता धातूची आहे, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. रक्त किती पातळ आहे त्याचा एक आकडा येतो. तो अडीच ते साडेतीनमध्ये हवा. खाली गेला तर झडपेवर गुठळी धरायची भीती, वर गेला तर कुठूनही रक्त वाहायची. मागचे आकडे चांगले होते. गोळ्या मीच काढून देतो, मीच हिशेब ठेवतो, इस्पितळात नंबरही माझाच दिलाय. हिला कशाला त्रास.

२१ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

दुपारी दुकानात हेडबाई आल्या होत्या. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळा रस्ता त्यांना हेडबाईच म्हणतो. त्यांचा डावा पाय जरा सुजतो, म्हणून मी स्वतः खाली बसून जोडे घालून बघतो. घालता घालता नेहमीचं पुराण चालू होतं – आधी जाड पानं, मग कोवळी, हिला दोन्ही वेळा मोठी वाटी, टॉनिक कशाला लागतंय. बाई ऐकून घेत होत्या.

फोन वाजला. इस्पितळातली नर्स, जिनं आम्हाला घरी सोडलं तीच. 'काका, आकडा पडलाय. एक पूर्णांक सहा.' गोळी चुकली का? नाही. दुसरं कुठलं औषध? नाही. 'मग खाण्यात काही बदल? पालेभाज्या एकदम वाढवल्या नाहीत ना? त्या या गोळीचा जोर मारतात. मी निघताना तुम्हाला सांगितलं होतं, आठवतंय ना?'

आठवलं. त्या क्षणी सगळं आठवलं. लिफ्टसमोर उभे होतो. ही चाकाच्या खुर्चीत, औषधांच्या गुंगीत. नर्स म्हणाली होती, 'काका, हे तुम्हीच लक्षात ठेवा, त्यांना आत्ता सांगून उपयोग नाही.' आणि माझ्या कानाला फोन. घाऊकवाल्यानं शाळेच्या बुटांचे भलतेच नंबर पाठवले होते, मी त्याच्यावर तापलो होतो. ती बोलत होती, मी अंगठा वर करून हो हो करत होतो. 'हिरव्या भाज्या' ऐकलं. 'रोज' ऐकलं. मधलं ऐकलं नाही. गाडीत हिनं विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, काही नाही, विश्रांती, गोळ्या वेळेवर, हलकं खाणं.

नर्स फोनवर थांबली होती. मी म्हणालो, 'छे छे. पालेभाजी बेताचीच. नेहमीसारखी.'

'नक्की ना काका?'

'अगदी नक्की. तुम्ही सांगितलेलं सगळं लक्षात आहे.'

'बरं. मग डॉक्टरांना सांगते, खाण्यात बदल नाही. गोळी वाढवतील, मी कळवते.'

फोन ठेवला. हेडबाईंचा पाय अजून माझ्या हातात होता. मी वर बघितलं नाही. म्हणालो, 'जरा घट्ट वाटेल, दोन दिवसांत सैल होईल.' आयुष्यभर हेच वाक्य बोलत आलोय. बाईंनी पैसे दिले, खोका घेतला, गेल्या.

खोटं का बोललो? गिऱ्हाइकासमोर अब्रू जाऊ नये म्हणून? त्या चिमुरड्या नर्सनं रागावू नये म्हणून? मेहुणीला शेखी सांगितली होती म्हणून? बायकोच्या झडपेपुढे यातलं एकही कारण उभं राहत नाही. तरी तोंडातून निघालं. किती सहज निघालं.

२२ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला, मार्ग सापडला. भाजी बंद. गोळी वाढवल्याचा निरोप नर्सनं काल संध्याकाळीच दिला, वर भाजीचा अडसर नाही, म्हणजे दोन्हीकडून फायदा. आकडा जागेवर येईल आणि कुणाला काही कळायची गरज नाही.

हिला सांगितलं, सुस्तोबा बिघडला. डबा पुन्हा लावला.

ही म्हणाली, 'अरेरे.' खरंच वाईट वाटलं तिला.

२४ फेब्रुवारी

'दुरुस्तीला दिलात का?' – देतो. 'मग कढईत करा ना थोडी. मी सांगते कशी.' – आज बाजारात पाला चांगला नव्हता.

डब्यात बटाटा आणि डाळ. ही निमूट जेवते.

२६ फेब्रुवारी

हेडबाई जोडे बदलायला आल्या. सैल झाले नाहीत म्हणाल्या. मी लगबगीनं दुसरा नंबर काढला. 'मंडळी कशा आहेत?' छान आहे. 'आणि भाजी?' चालू आहे, म्हटलं, आणि बुटाची नाडी ओवत बसलो.

बाई म्हणाल्या, 'पोरं खोटं बोलताना बुटांकडे बघतात. तुमचं दुकानच बुटांचं, तुमची सोय आहे.'

मग हळू आवाजात – 'तो फोन इस्पितळातला होता ना? अजून उशीर झालेला नाही. फिरवा नंबर.'

मी म्हटलं, फिरवला होता, सगळं ठीक आहे. म्हणजे खोट्यावर खोटं. बाई गेल्यावर शटर अर्धं ओढून आत स्टुलावर बसलो. कान तापले होते. या वयात कुणी कान धरल्यासारखं वाटणं – आणि धरला तो बरोबरच धरला, हेही माहीत असणं.

नंबर फिरवला नाही.

२७ फेब्रुवारी

मेहुणी आली. येताच म्हणाली, 'बघू काय झालंय त्याला. अजून वॉरंटीत आहे, मी बदलून आणते.' मी नको नको म्हणेपर्यंत ओट्यावर ठेवून तिनं वायर जोडली. दिवा लागला. भांड्यावर हात ठेवून म्हणाली, 'चालतोय की. गरम होतोय.'

मी म्हणालो, 'मध्येच चालतो, मध्येच बंद पडतो.'

ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. आता भिंतीला धरून चालते. तिनं माझ्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं. बहीण गेल्यावर तिनं स्वतः वायर गुंडाळली, भांडं फडक्यानं पुसलं, खालच्या कप्प्यात ठेवलं. मग म्हणाली, 'कंटाळा आला असेल तर आला म्हणावं. त्या बिचाऱ्या मशिनला कशाला बदनाम करायचं.'

मी म्हणालो, 'दुकानामुळे जरा दमतो गं.'

'बरं.'

म्हणजे हिला वाटतं, चार दिवसांची हौस होती, फिटली. बायको आजारी, नवरा पंधरवड्यात कंटाळला. आणि मी तिला तसं वाटू दिलं, कारण खरं त्याहून वाईट आहे.

२८ फेब्रुवारी

हिच्या दंडावर जांभळा डाग. 'कशाला लागलं?' – 'कुठे आपटल्याचं आठवत नाही.' दात घासताना थोडं रक्तही आलं म्हणे. परवा रक्त तपासायचंच आहे. तेव्हा कळेल.

एक फोन. फक्त एक फोन करायचा आहे. हातात फोन घेतो, ती नर्स विचारेल ते डोळ्यांसमोर येतं, फोन ठेवतो.

१ मार्च

दुपारी जेवताना हिच्या नाकातून रक्त यायला लागलं.

आधी वाटलं, थांबेल. पुढे वाकवून नाक दाबून धरलं. थांबेना. नॅपकिन भिजला, दुसरा भिजला, मग टॉवेल. ही अजिबात घाबरली नव्हती, मलाच सांगत होती, 'आधी गॅस बंद करा. किल्ली घ्या.' रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर. माझा शर्ट पुढून सगळा लाल. रिक्षावाला आरशातून बघत होता आणि गर्दीतून रिक्षा घुसवत होता.

इस्पितळात नाकात कापूस भरला, रक्त घेतलं. आकडा सातच्या वर. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर, आम्हाला न ओळखणारा. त्यानं हिलाच विचारलं, 'गोळी वाढवल्यानंतर खाण्यात काही बदल केला होता का?'

मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. आता सांगायचं. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात ही म्हणाली, 'पालेभाजी खात होते रोज. ती बंद केली.'

'एकदम? का?'

'मलाच नको झाली होती.'

डॉक्टर वैतागला. त्याचंही चूक नाही, त्याच्यामागे पलंगांची रांग होती. 'अहो बाई, भाजी खात असताना आकडा पडला म्हणून गोळी वाढवली. मग भाजी सोडलीत. म्हणजे गोळीला आवरणारंच कुणी राहिलं नाही. आज नाकातून आलं, डोक्यात झालं असतं तर? घरी जाताना सगळ्यांना समजावून सांगतात इथे. ऐकलं नव्हतं?'

'माझं लक्ष नसेल,' ही म्हणाली. नाकात कापूस, आवाज चोंदलेला.

'काय करता तुम्ही?'

'ग्रंथालयात आहे.'

'एवढ्या शिकलेल्या बाई तुम्ही, आणि असं?'

तिनं मान खाली घातली. माझी बायको, जिनं सबंध ग्रंथालय एकटीनं सांभाळलं, जिच्यासमोर मोठमोठे प्राध्यापक आवाज खाली करून बोलतात, तिनं त्या पोरसवदा डॉक्टरसमोर मान खाली घातली.

मी खिडकीबाहेर बघत होतो. खाली एक माणूस पाइपानं गाडी धूत होता. आधी टप धुतलं, मग काचा, मग चाकं. सगळी गाडी धुऊन होईपर्यंत मी बघत होतो.

३ मार्च

दोन दिवस इस्पितळातच. रक्त थांबलंय, आकडा उतरतोय. मेहुणी रात्री तिच्याजवळ थांबते. आज व्हरांड्यात तिनं माझ्या हातात चहा दिला. 'भाऊजी, तोंड बघा तुमचं. एवढी काळजी करू नका, ताईला काही होत नाही.'

तिला काळजी दिसली. चहा कठड्यावर ठेवून दिला.

५ मार्च

हिला घरी आणलं. सांगितलं.

दुपारी, ती पलंगावर, मी स्टुलावर. लिफ्टपासून सुरुवात केली. फोन, घाऊकवाला, अंगठा. मग दुकानातला फोन, हेडबाई, बेताचीच भाजी. मग सुस्तोबा बिघडल्याचं. काही गाळलं नाही. बोलताना माझ्याच लक्षात आलं, की सगळी गोष्ट मिळून दोन वाक्यांची होती, कुठल्याही दिवशी सांगता आली असती.

 संपल्यावर ती चादरीची घडी सारखी करत राहिली. मला वाटलं रडेल, किंवा ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

म्हणाली, 'नर्सचं ऐकलं नाही, त्याचं मी काही धरणार नाही. माणसाचं लक्ष नसतं कधी. फोनवर बोललात, त्याचंही एक वेळ समजू शकते. मला वाटलं होतं तुम्ही कंटाळलात, आणि चारचौघांत नवऱ्याचं कशाला काढायचं, म्हणून मी माझ्यावर घेतलं. पण तो मला बोलत होता तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.'

तिनं बघितलं होतं. मान खाली होती तरी.

माफ कर, म्हटलं. तिनं कूस बदलली. डाव्या कुशीवर तिला अजून दुखतं. तरी त्याच कुशीवर वळली, कारण मी उजव्या बाजूला बसलो होतो.

७ मार्च

ही बोलते. पण 'अहो' गेलं. वाक्यातून मीच गेलो. 'पाणी आलंय.' 'दूधवाल्याचे द्यायचे आहेत.' 'जेवायला वाढलेलं आहे.' कोण कुणाला सांगतंय याचा पत्ता नाही. भांडणात निदान माणूस दुसऱ्याला हाक तरी मारतो.

गोळ्यांचा डबा तिच्या उशाशी गेलाय. मी सकाळी सवयीनं काढून द्यायला गेलो, तर तिनं आधीच घेतली होती.

८ मार्च

काही नाही. दुकान उघडलं, बंद केलं.

९ मार्च

इस्पितळात दाखवायला गेलो. दोघं.

बाहेरच्या टेबलाशी तीच नर्स. हिला बघून हसली. 'कशा आहात काकू? काय हे, भाजी कशाला सोडलीत?' ही आज मला वाचवायला पुढे आली नाही. नुसती उभी राहिली.

मागे बाकांवर माणसं होती. हळू बोलता आलं असतं. पण माझा आवाज पहिल्यापासून दुकानदाराचा, खालच्या पट्टीत बसतच नाही. म्हणालो, 'सिस्टर, हिनं सोडली नाही. मी बंद केली. त्याआधी वाढवलीही मीच होती, दोन्ही वेळा वाटी भरून. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. तुम्ही निघताना सांगितलंत तेव्हा मी ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी डॉक्टर हिला बोलले, तेही माझं होतं.'

बाकांवरची कुजबुज थांबली. नर्सचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं ती रागावेल. ती म्हणाली, 'काका, मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं. नक्की ना, म्हणून विचारलं होतं. गोळी मी डॉक्टरांना सांगून वाढवून घेतली. तेव्हा तीन रात्री मला झोप नव्हती, माझ्याकडून काय चुकलं म्हणून.'

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणखी एक माणूस माझ्या चुकीखाली दबलेलं, आणि मला पत्ता नाही. उभ्या उभ्या किती लहान होता येतं माणसाला.

आतल्या मोठ्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बोलल्या नाहीत मला, तेच जास्त लागलं. हिला म्हणाल्या, 'भाजी सोडायची नाही. पालेभाजी चांगलीच आहे. फक्त रोज तेवढीच. एक लहान वाटी, ना कमी ना जास्त. त्या वाटीच्या हिशेबानं आपण गोळी बसवू. आणि काही बदललं तर कळवायचं. कोण कळवेल?'

मी हिच्याकडे बघितलं.

ही म्हणाली, 'मी. फोन मला करा. माझा नंबर घ्या.' नर्सनं माझा नंबर खोडला आणि तिचा लिहिला.

१० मार्च

सुस्तोबा खालच्या कप्प्यातून ओट्यावर आलाय. मी काढला नाही.

सकाळी ही स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसली होती. मी चिरायला सुरी घेतली, तर म्हणाली, 'ठेवा.' एकच शब्द. पण 'ठेवायची', 'ठेवलेली बरी' असं नाही. ठेवा. मी सुरी ठेवली आणि दुकानात जाईपर्यंत तो शब्द घोळवत राहिलो.

दुपारी ताटात लहान वाटी. हिनं केलेली. माझ्यापेक्षा चांगली, हे वेगळं सांगायला नको. जाड पानं आणि कोवळी पानं हिला समजवावी लागली नाहीत. मी एवढे दिवस सगळ्या रस्त्याला जी कृती सांगत होतो ती हिला कायमच येत होती. तिनं मला एकदाही म्हटलं नव्हतं की मला माहीत आहे.

संध्याकाळी हेडबाई दुकानावरून जात होत्या. मी बाहेर येऊन थांबवलं आणि सांगितलं, नंबर फिरवला नाही, खोटं बोललो होतो, असं असं झालं. त्यांनी ऐकलं. 'बायकोला सांगितलंत?' हो. 'काय म्हणाल्या?' म्हटलं, अजून म्हणतेय.

१४ मार्च

इस्पितळाचा फोन आला. हिच्या फोनवर. ती आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं. हळू बोलत होती, काही ऐकू आलं नाही. मी ओट्याशी उभा.

बाहेर आली. आकडा किती ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही, आता तो हक्क माझा नाही. तिनं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, पालकाची जुडी सोडली, अर्धी तिच्याकडे ओढली, अर्धी माझ्यासमोर ठेवली.

'अहो,' म्हणाली, 'निवडा.'